दारातले जय-विजय

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज होतं, आणि रिलीजच्या आठवड्यात माणसाचे शनिवार-रविवार कुठे जातात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण खरं सांगू का, रिलीज हे निम्मंच कारण. उरलेला वेळ मी एका झाडामागे लागलो होतो. बायकोचं म्हणणं, झाडामागे कसलं लागायचं, ते काय पळून जातंय? गंमत अशी की हे झाड अगदी तेच करत होतं. फक्त फार हळू.

आमचं घर म्हणजे बॉस्टनच्या उपनगरातल्या एका जुन्या दुमजली घराचा खालचा मजला, भाड्याचा. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, वय सत्तरीच्या पुढे. दाराच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन झाडं आहेत. माझ्या खांद्याइतकी उंच, खाली रुंद, वर टोकदार, भूमितीच्या पुस्तकातल्या शंकूसारखी. सुया इतक्या दाट की आत बोट घालायला जागा नाही. कोणीतरी कात्री लावून आकार दिलाय असं वाटतं, पण नाही, ती मुळातच तशी वाढतात. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा त्यांच्या मधे उभा राहून फोटो काढतो. आम्ही त्यांना जय-विजय म्हणतो. (वैकुंठाच्या दारावरचे. दारावर दोघं उभे दिसले की आपल्याला दुसरं काय आठवणार!)

तर तीन वर्षांपूर्वी विजयच्या अंगातून, साधारण मध्यावर, एक फांदी बाहेर आली. वीतभरच. पण तिच्या सुया लांब, विरळ आणि जाड होत्या, रंगही थोडा निळसर. मी कात्री शोधायला लागलो. आई तेव्हा इथे आलेली होती. ती म्हणाली, "अरे, वाढत्या फांदीला कात्री लावू नये. किती छान धरलंय झाड!" मला ते लगेच पटलं. खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला. नवीन घरात येऊन वर्ष झालं नाही तर झाड खूश!

पुढच्या वर्षी ती फांदी हातभर झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ती वळून सरळ आकाशाकडे निघाली आणि शेंड्याच्याही वर गेली. जय होता तसाच, शिस्तीत. विजय मात्र काखेतून दुसरंच कुणी डोकावत असल्यासारखा दिसायला लागला.

यंदा मे महिन्यात घरमालकीणबाई पायऱ्यांवर थांबल्या, विजयकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे परत चाललंय." त्यांच्या नवऱ्याने ही जोडी पंचवीसेक वर्षांपूर्वी लावली होती. तो दर वसंतात असे कोंब दिसले की लगेच नखाने खुडायचा. आम्ही राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी तो गेला. त्यानंतर खुडायला कोणी नव्हतं, आणि जो होता, म्हणजे मी, तो अभिमानाने बघत बसला होता.

"परत चाललंय म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"जिथून आलं तिथे."

आता हे वाक्य ऐकल्यावर मला झोप येणार का? तर कुठून आलं, ते सांगतो.

या झाडाचं बाजारातलं नाव ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस. अमेरिकेत हे इतक्या दारांपुढे उभं असतं की लोकांचं तिकडे लक्षही जात नाही. डिसेंबरात सुपरमार्केटच्या दाराशी लाल कागदात गुंडाळलेल्या कुंड्या असतात ना, टेबलावर ठेवायच्या ख्रिसमस ट्रीच्या, त्यात बऱ्याचदा हेच असतं. इतकी सर्रास दिसणारी वस्तू म्हटल्यावर मी गृहीत धरलं होतं की जगात कुठेतरी या बुटक्या झाडांचं जंगल असणार. म्हणजे डोंगरउतारावर हजारो शंकू ओळीने उभे वगैरे. तसं जंगल कुठेच नाही. ही वेगळी जात नाहीच. हा व्हाइट स्प्रूस आहे, कॅनडाभर पसरलेला, सत्तर-ऐंशी फूट सहज जाणारा साधा जंगली वृक्ष. त्याच्या काही रोपांत कधीतरी काहीतरी बिघडलं, आणि तो बिघाड नेमका योग्य माणसांच्या नजरेला पडला.

साल १९०४. जागा कॅनडातल्या रॉकी पर्वतातलं लॅगन नावाचं स्टेशन. आज या जागेला लेक लुईझ म्हणतात. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा हा रस्ता म्हणजे इंजिनिअर लोकांसाठी वेगळ्या लेखाचा विषय आहे. लॅगनच्या पश्चिमेला बिग हिल नावाचा उतार होता, साधारण बावीस फुटांना एक फूट असा. आपला बोरघाट सदतिसाला एक आहे, आणि त्यालाही मागून इंजिनं लावावी लागतात, यावरून कल्पना करा. तो उतार मोडायला डोंगरात गोल फिरणारे बोगदे खोदले, ते १९०९ मध्ये सुरू झाले. पण ते राहू दे, नाहीतर झाड राहून जाईल.

त्या स्टेशनवर दोन माणसं परतीच्या गाडीची वाट बघत होती. दोघंही बॉस्टनच्या अर्नॉल्ड आर्बोरेटमचे. आर्बोरेटम म्हणजे झाडांचं संग्रहालय. गाडीला वेळ होता म्हणून दोघं आसपास फिरायला निघाले. (आज आपण फोन काढला असता.) फिरता फिरता त्यांना व्हाइट स्प्रूसची काही रोपं दिसली. बुटकी, दाट, शंकूच्या आकाराची. त्यांनी ती बॉस्टनला आणली.

बस, एवढीच गोष्ट. गाडीला वेळ नसता तर माझ्या दारात जय-विजय नसते.

पण ती दोन माणसं कोण होती ते बघण्यासारखं आहे, कारण तिथून सहज चालत जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते रोप दिसलं असतं तर त्याला ते खुरटलेलं वाटलं असतं. एक जॉन जॉर्ज जॅक, कॅनडातल्या क्वेबेकचा. दुसरा आल्फ्रेड रेडर. या रेडरचं मला फार कौतुक वाटतं. जन्म १८६३ चा, जर्मनीतल्या सॅक्सनीतला, घराणं बागकामातलं. विद्यापीठाची पदवी नाही. वडिलांच्या हाताखाली बागकाम शिकला, मग जर्मनीतल्या एका बागकामाच्या नियतकालिकात काम केलं, आणि १८९८ मध्ये त्यांच्याच कामासाठी अमेरिकेत आला. इथे खर्च भागवायला आर्बोरेटममध्ये रोजंदारीवर लागला, झुडपांच्या वाफ्यात खुरपं घेऊन तण काढायला. तिथले संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांच्या लक्षात आलं की हा तण काढणारा माणूस सगळ्या झुडपांची नावं जाणतो. पुढे याच रेडरने लागवडीतल्या झाडाझुडपांची जी जाडजूड मार्गदर्शिका लिहिली (१९२७) ती उत्तर अमेरिकेतल्या माळ्यांची आणि वनस्पतिशास्त्रज्ञांची कित्येक दशकं हाताशी ठेवायची पोथी झाली. कोणतं झाड किती थंडीत जगेल याचा पट्ट्यापट्ट्यांचा नकाशाही त्यात होता. जॅक आणि रेडर दोघंही १९४९ मध्ये, एकाच वर्षी वारले.

म्हणजे लॅगनला गाडीची वाट बघणाऱ्या या माणसांच्या डोक्यात व्हाइट स्प्रूस कसा असायला हवा हे पक्कं होतं. जे तसं नाही ते त्यांना दिसलं. आमच्याकडे टेस्टिंगमध्ये काही लोक असे असतात. हजार ओळींच्या लॉगमधली एक वेगळी ओळ त्यांना लांबून दिसते. बाकीचे आम्ही स्क्रोल करत राहतो.

पुढचा प्रश्न, थोड्या रोपांची इतकी झाडं कशी झाली? बी पेरून नाही. या झाडाला शंकुफळं जवळजवळ लागतच नाहीत. ते आयुष्यभर रोपाच्या वयातच राहिल्यासारखं वागतं, बारीक मऊ सुयांसकट. म्हणून उपाय एकच, छाट कलम. फांदीचा तुकडा कापायचा, मातीत रोवायचा, मुळं फुटली की नवं झाड. कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, बहुधा रायवळच निघेल. हापूस हवा तर हापूसचीच काडी लागते, आणि त्या काडीची आई दुसरी काडी. तसंच हे. माझ्या दारातला जय हा लॅगनच्या रोपाचा पणतू-खापरपणतू नव्हे. शरीराच्या हिशोबाने तो तेच रोप आहे. एकशेवीसहून जास्त वर्षं तीच फांदी कापून, रोवून, पुन्हा कापून लोकांनी चालू ठेवली आहे. कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट. आणि कॉपी-पेस्टने काय होतं ते आपल्या धंद्यातल्या लोकांना माहीतच आहे: मुळातला बगही बरोबर येतो. इथे तर बगच विकायचा आहे.

हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बोन्साय का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून एका शनिवारी आर्बोरेटमला गेलो. ऑरेंज लाइनने शेवटच्या फॉरेस्ट हिल्स स्टेशनला उतरलं की चालत फाटक गाठता येतं. प्रवेश फुकट. ही जागा १८८२ मध्ये हार्वर्डने बॉस्टन शहराला देऊन परत हजार वर्षांच्या भाडेकरारावर घेतली, वर्षाला एक डॉलर भाडं. (आमच्या घरमालकीणबाईंना हे मी मुद्दाम सांगितलं. त्या हसल्या, भाडं तेवढंच राहिलं.) तिथे बुटक्या झाडांचा एक छोटा मंडप आहे. लार्झ अँडरसन नावाचे अमेरिकेचे जपानमधले राजदूत होते, त्यांनी १९१३ मध्ये परतताना योकोहामाच्या नर्सरीतून ही झाडं विकत आणली. ते गेल्यावर १९३७ मध्ये त्यांच्या पत्नीने त्यातली बरीचशी आर्बोरेटमला दिली. काही झाडांची वयं दीडशे-दोनशे वर्षांच्या पुढे. हिवाळ्यात त्यांना थंड खोलीत ठेवतात, उन्हाळ्यात बाहेर मांडतात.

तिथल्या झाडांसमोर उभं राहिल्यावर आईला काय सांगायचं ते कळलं. बोन्सायमध्ये झाड साधं असू शकतं आणि बुटकेपणा माणसाच्या हातात असतो: कुंडी, तार, मुळांची छाटणी. ते जमिनीत लावून विसरून जा, ते आपलं मोठं होईल. जय-विजयचा बुटकेपणा त्यांच्या अंगातलाच. जमिनीत लावा, खत घाला, ते वर्षाला दोन-चार इंचच वाढणार. आणि मग त्या मंडपात एक घोळ दिसला, ज्याने माझी सोपी व्याख्या मोडली. तिथली नावाजलेली झाडं हिनोकी सायप्रसच्या चाबो-हिबा या प्रकारची आहेत. चाबो म्हणजे जपानीत बुटक्या कोंबड्यांची एक जात. म्हणजे जपानी माळ्यांनी आधी अंगचाच बुटका असलेला प्रकार निवडला आणि वर त्याला कुंडीत घालून पिढ्यान्‌पिढ्या छाटलं. दुहेरी बंदोबस्त! रेडर आणि जॅक लॅगनला गेले त्याच्या कितीतरी आधी हे लोक याच धंद्यात मुरलेले होते.

युरोपातही हा नाद जुना आहे. उत्तर आयर्लंडमधल्या टॉलीमोर पार्कात नॉर्वे स्प्रूसचं एक बुटकं झाड उभं आहे, लॉर्ड क्लॅनब्रासिलने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लावलेलं. त्याच्या कलमांना आजही त्याच्या नावावरून क्लॅनब्रासिलियाना म्हणतात. नाव दिलेल्या बुटक्या सूचिपर्णी झाडांमधलं हे सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि मूळ झाड अजून जिवंत. आणखी एक वाट म्हणजे चेटकिणीचा झाडू. पाइन किंवा स्प्रूसच्या मोठ्या झाडावर उंच कुठेतरी एकाच फांदीवर काटक्यांचा दाट गुंता होतो, घरट्यासारखा. कधी रोगाने, कधी त्या एका कोंबातल्याच बदलाने. दुसऱ्या प्रकारचा असला तर त्याची काडी साध्या रोपावर बांधली की बुटकं झाड तयार. असे झाडू साठ-सत्तर फुटांवर असतात, म्हणून शौकीन लोक बंदूक घेऊन जातात आणि फांदीवर गोळी झाडून काडी खाली पाडतात. खरंच. बागकामासाठी बंदूक लागते हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

याच आर्बोरेटममधल्या आल्फ्रेड फोर्डहॅम या कलमतज्ज्ञाने १९६० च्या दशकात अशा झाडूंवरची शंकुफळं जमवून बिया पेरल्या. उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी बुटकी आणि निम्मी नेहमीसारखी. बुटकेपणा हा नुसता आजार असता तर तो असा हिशोबात वाटला गेला नसता. तो वारशाने जातो.

आता या सगळ्याचा बाजार कसा झाला तो भाग पटकन सांगतो. १९२३ मध्ये मरे हॉर्निब्रुक नावाच्या, आयर्लंडमध्ये झाडं जमवलेल्या माणसाने 'ड्वार्फ अँड स्लो-ग्रोइंग कोनिफर्स' हे पुस्तक काढलं. या विषयावरचं पहिलं मोठं काम हेच, १९३८ मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही आली. त्या नावातला "स्लो-ग्रोइंग" हा शब्द माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. नंतर नर्सऱ्यांनी तो सोयीस्करपणे गाळला. १९६२ मध्ये न्यू जर्सीतल्या विल्यम गोटेली यांनी दीडेक हजार बुटकी सूचिपर्णी झाडं वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटमला दिली. जर्सीतल्या आणि डीसीतल्या वाचकांनी एकदा बघून या, हिवाळ्यातच जा, तेव्हा बाकी सगळं बोडकं असतं आणि हीच झाडं निळी, पिवळी, हिरवी दिसतात. तिकडे इंग्लंडात नॉरफोकमधल्या ब्रेसिंगहॅमला एड्रियन ब्लूमने १९६७ च्या सुमारास फॉगी बॉटम नावाची बाग सुरू केली. बुटकी सूचिपर्णी आणि मधे मधे हेदरची झुडपं, वर्षभर रंग, काम कमी. शहरातल्या नोकरदार माणसाला, ज्याच्याकडे पुढचं छोटं अंगण आणि रविवारची सकाळ एवढंच असतं, त्याला हे अगदी पटलं. १९७० च्या दशकात तिकडे याची लाटच आली.

आणि मग पंधरा-वीस वर्षांनी लोकांनी खिडकीतून बाहेर बघितलं तर बाहेर काही दिसेना. बुटकं म्हणून लावलेलं झाड छपराला टेकलेलं! याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे लॉसन सायप्रसचा एलवुडी हा प्रकार, १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या हॅम्पशायरला निघालेला. कुंडीत दिसायला गोजिरवाणा, सावकाश वीस-पंचवीस फुटांवर जातो. कारण बुटकं झाड थांबत नाही, फक्त हळू चालतं, आणि चिठ्ठीवर उंची लिहितात ती दहा वर्षांनंतरची. अमेरिकन कोनिफर सोसायटीने म्हणूनच उंचीवर नाही, वर्षाच्या वाढीवर वर्ग पाडलेत: वर्षाला एक इंचाच्या आत ते मिनिएचर, एक ते सहा इंच ड्वार्फ, सहा ते बारा मधलं, त्यापुढे मोठं. नर्सरीत जाल तेव्हा "किती उंच होईल" असं न विचारता "वर्षाला किती वाढतं" असं विचारा. या अख्ख्या लेखातून व्यवहाराचं काही घ्यायचंच असेल तर हे घ्या.

बरं, आणखी थोडं व्यवहाराचं, कारण मी स्वतः चुका केल्यात. पहिल्या वर्षी मार्चमध्ये जयची रस्त्याकडची बाजू तपकिरी झाली. मला वाटलं कीड. ती थंडी होती. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही, वरून ऊन आणि वारा सुयांमधलं पाणी काढून घेतात, त्यात रस्त्यावरचं मीठ उडून येतं. जमीन गोठण्यापूर्वी नोव्हेंबरात भरपूर पाणी घालायचं, हा उपाय मला घरमालकीणबाईंनी सांगितला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तपकिरी, आणि मी शहाणा, म्हटलं थंडीच. या वेळी मात्र कीड होती, स्प्रूसवरचा कोळीकिडा. तो उन्हाळ्यात नाही, वसंतात आणि पानगळीच्या गारव्यात जोरात असतो. जुलैत सुया गळायला लागतात तेव्हा गुन्हेगार पसार झालेला असतो. एप्रिल-मेमध्ये फांदीखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदी टिचकीने झटकायची. कागदावर ठिपके पडले आणि ठिपके चालायला लागले की समजायचं. पाण्याचा जोरदार फवारा आतपर्यंत मारला तर बराच फरक पडतो. डिसेंबरातली कुंडीतली झाडं मरतात त्याचं कारण आणखी सोपं आहे. हे रॉकी पर्वतातलं झाड, त्याला आपण हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत महिनाभर ठेवतो.

आता मूळ मुद्दा. विजय परत का चालला होता?

लॅगनच्या रोपात जो बदल झाला तो कायमचा शिक्का नाही. झाडाच्या प्रत्येक शेंड्यावर पेशींचा एक छोटा गट असतो, पुढची सगळी फांदी त्यातून घडते. त्यातल्या एखाद्या कोंबात बदल उलटला की तिथून निघणारी फांदी पुन्हा जंगली व्हाइट स्प्रूसची. ती वर्षाला दोन इंच नाही, फूटभर आणि जास्त धावते. तिला सुया मोठ्या, ऊन जास्त, त्यामुळे अन्न जास्त, म्हणून आणखी जोर. मुळं एकच, वाटणी मात्र जोर असेल त्याची. वेळेवर काढली नाही तर दहा-पंधरा वर्षांत खाली घागऱ्यासारखा थोडा शंकू उरतो आणि वर मोठा वृक्ष. इथे आसपासच्या गल्ल्यांमधून फिरताना मला आता अशी झाडं दिसतात, पूर्वी कधी दिसली नव्हती.

आणि याची दुसरी बाजू अशी की नर्सऱ्यांची कमाईही याच अस्थिरपणावर आहे. या झाडातून कधी निळी फांदी निघाली, तिचा सँडर्स ब्लू झाला. कधी आणखी हळू वाढणारी, सुयांची टोकं पिळवटलेली निघाली, ती जीन्स डिली. कधी नवी पालवी पिवळी येणारी, ती रेनबोज एंड. सँडर्स ब्लूवर पुन्हा हिरवे ठिगळ येतात ते वेगळंच. झाडाच्या दृष्टीने हे सगळं एकच: कोंब बदलला. त्यातलं काय विकायचं आणि काय खुडायचं हे दुकानदार ठरवतो. म्हणजे १९०४ ला जो बदल दोघांनी जपून बॉस्टनला आणला, आणि तीन वर्षांपूर्वी विजयमध्ये जो झाला आणि जो मी खुडायला हवा होता, त्यांत झाडाने काही फरक केलेला नाही.

हे आईला सांगितलं. आई गप्प. मग म्हणाली, "म्हणजे खरं झाड तेच आहे, जे वर चाललंय."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आहे खरं. जय-विजयांनाही शाप होताच ना, वैकुंठाचं दार सोडून खाली जन्म घ्यायचा, आणि परत जायला त्यांना तीन जन्म लागले. विजयला तीन वर्षं लागली. पण पायऱ्यांशेजारी भिंतीपासून चार फुटांवर ऐंशी फुटी वृक्ष उभा राहणार नाही, तो वीस फुटांचा झाला की कोणीतरी मुळासकट काढणार. आणि वर राहणाऱ्या बाईंच्या नवऱ्याने इतकी वर्षं दर वसंतात जे खुडलं, ते माझ्या तीन वर्षांच्या कौतुकात संपणार.

परवाच्या रविवारी मी घरमालकीणबाईंकडून त्यांच्या नवऱ्याची छोटी करवत मागून घेतली. पहिल्या वर्षी नखाने तुटणारा कोंब आता अंगठ्याहून जाड होता. खोडाला लागून कापली. सुया चुरगळल्या की या झाडाला असा वास येतो की इकडचे लोक त्याला मांजराचा स्प्रूस म्हणतात. दोन वेळा साबणाने धुऊनही हात तसेच होते. फांदी निघाली तेव्हा मागे ताटाएवढं भगदाड. आत सगळ्या सुकलेल्या काटक्या, कारण त्या फांदीच्या सावलीत आतलं काही जगलंच नव्हतं. स्प्रूसच्या जुन्या उघड्या लाकडातून नवे कोंब सहसा येत नाहीत. कडेच्या फांद्या वर्षाला दोन इंच या गतीने ते भरतील, म्हणजे तोवर आम्ही या घरात नसू.

बाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, डिसेंबरात तिथे मोठी लाल फीत बांधू.

रात्री आईचा फोन आला. "कापलीस शेवटी?"

"कापली."

"मग लाव ना ती कुठेतरी. टाकून कशाला द्यायची?"

"आई, ती जंगली आहे. लावली तर सत्तर फूट होईल."

"होऊ दे की. तुला काय, भाड्याचं घर आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यात, आता तीन काड्या रोवून ठेवल्या आहेत. धरतात की नाही ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. घरमालकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही.